एडेल ते कॅसलटन व्हाया मॅम टॉर: इंग्लंडमधल्या पहिल्या डोंगरवाटेची तयारी

मॅम टॉरची उंची 517 मीटर. कळसूबाई चढलेल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो हसतो. मीही हसलो होतो. कळसूबाई 1646 मीटर, आणि अख्ख्या इंग्लंडमधला सर्वात उंच डोंगर, स्काफेल पाइक, 978. राजगड ते तोरणा एका दमात करणाऱ्यांना या टेकड्यांचं काय एवढं!

मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी जीन्स आणि पळायचे बूट घालून, फोनमधल्या नकाशाच्या भरवशावर मी निघालो. धारेवर पोचेपर्यंत धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. कॅसलटनला जायचं होतं, आणि तासाभराने उतरलो तो परत एडेललाच, जिथून चढलो होतो तिथे. जीन्स मांड्यांपर्यंत भिजलेली आणि बोटं इतकी गारठलेली की खिशातून तिकीट निघेना. वाटेत विचारायला कुणी नव्हतं. आपल्याकडे वाट चुकली की हाक मारायची: "ओ मामा, गडावर कुठनं?" पलीकडच्या सोंडेवरून उत्तर येतं, वर ताकाचा आग्रहही होतो. इथे त्या मामाचं काम नकाशा करतो, आणि तो वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. सह्याद्रीत चढ आणि घसारा छळतात. इथे वारा, चिखल आणि लवकर मावळणारा दिवस छळतो. एवढा फरक लक्षात घेतला तर उरलेलं सोपं आहे.

म्हणून एकच वाट घेऊन सगळं सांगतो. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1951 सालचं. मँचेस्टर आणि शेफिल्ड यांच्या मधोमध असल्यामुळे गाडी नसलेल्या विद्यार्थ्यालाही परवडतं. वाट अशी: रेल्वेने एडेल, तिथून चढून हॉलिन्स क्रॉसची खिंड, मग धारेवरून मॅम टॉर, पलीकडे उतरून मोडलेला रस्ता, कॅसलटन गाव, आणि शेवटी होप स्टेशन. एकूण साधारण 12 किलोमीटर.

आधी नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला कागदी नकाशा घ्या, क्रमांक ओएल 1, डार्क पीक. नारिंगी पुठ्ठ्याचा. प्रमाण 1:25,000, म्हणजे नकाशावरचे 4 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. निळ्या रेषांचा प्रत्येक चौकोन एक किलोमीटरचा, त्यामुळे अंतर नुसत्या नजरेने मोजता येतं. सोबत मिळणाऱ्या कोडने हाच नकाशा फोनवरही उतरवता येतो. तो घरीच उतरवून ठेवा, कारण एडेलच्या खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही.

या नकाशातली सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुटक रेषांचा रंग. हिरवी तुटक रेषा म्हणजे तिथून चालायचा तुमचा कायदेशीर हक्क आहे, मग ती वाट एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणातून का जाईना. काळी तुटक रेषा म्हणजे जमिनीवर वाट आहे, पण हक्काची हमी नाही. गंमत अशी की हिरवी रेषा असलेल्या ठिकाणी जमिनीवर कधी कधी काहीच दिसत नाही, नुसतं गवत आणि मेंढ्या. हक्क आहे, पायवाट नाही. माझा पहिल्या वेळचा गोंधळ निम्मा इथेच झाला होता. फिकट पिवळा रंग भरलेला भाग म्हणजे मोकळी जमीन, तिथे वाट सोडूनही हिंडता येतं.

हा पिवळा रंग फुकट मिळालेला नाही. एडेलच्या उत्तरेला किंडर स्काउट नावाचं 636 मीटरचं पठार आहे. एकेकाळी ते जमीनदारांचं शिकारीचं रान होतं आणि राखणदार माणसांना हाकलून लावत. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे काहीशे तरुण कामगार ठरवून त्या पठारावर घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. आरोप होता जमाव करून दंगल केल्याचा. पुढे 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि मोकळ्या माळांवर फिरायचा हक्क तर थेट 2000 सालच्या कायद्याने मिळाला. आपण कुठल्याही डोंगरावर बिनदिक्कत चढणारी माणसं, आपल्याला हे विचित्र वाटतं. पण म्हणूनच इथे वाटेची पाटी आणि नकाशावरची रेषा एवढ्या गांभीर्याने घेतात. प्रत्यक्ष वाटेवर खांबांना छोटे बाण असतात: पिवळा बाण फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, निळ्यावरून घोडे आणि सायकलीही जातात.

नकाशावरची जागा आकड्यांत सांगायलाही शिकून घ्या. मॅम टॉरचा माथा एसके 127 836 इथे आहे. एसके ही नकाशावरच्या मोठ्या चौकोनाची अक्षरं. पहिले तीन आकडे आडवे मोजायचे, पुढचे तीन उभे. आडवं आधी, उभं नंतर. अपघात झाला तर फोनवर पहिला प्रश्न "कुठे आहात?" हाच येतो, आणि "एका मोठ्या दगडापाशी" हे उत्तर चालत नाही.

किती वेळ लागेल

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये घालून दिलेला हिशेब आजही चालतो: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, आणि चढाईच्या दर 600 मीटरला एक तास जादा. आपले 12 किलोमीटर म्हणजे सुमारे अडीच तास. एडेल स्टेशनपासून माथ्यापर्यंत चढ 280 मीटरच्या आसपास, त्याचा अर्धा तास. झाले तीन तास. यात फोटो, डबा, चिखल आणि "जरा टेकू या" धरलेलं नाही. मी पाच तास धरतो. लहान मुलं असतील तर सहा.

आता हा वेळ दिवसाच्या उजेडात बसवा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत सूर्य असतो, कसलीच घाई नाही. डिसेंबरमध्ये चारच्या आधीच मावळतो. हिवाळ्यात सकाळी नऊपर्यंत एडेलला उतरलात तरच ही वाट धरा, नाहीतर पुढच्या शनिवारी या. डोक्याला लावायची बॅटरी उन्हाळ्यातही सॅकमध्ये असू द्या.

हवामानाचा अंदाज गावाचा बघू नका, डोंगराचा बघा. मेट ऑफिस, म्हणजे इथलं हवामान खातं, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं. त्यात पावसाआधी वाऱ्याचा आकडा वाचा. ताशी 40 मैलांच्या वर झोत सांगितले असतील तर मी धारेवर जात नाही. त्या दिवशी कॅसलटनच्या गुहा बघाव्यात.

अंगावर काय, सॅकमध्ये काय

जीन्स नको. सुती काहीच नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतं. आपल्या पावसाळी ट्रेकला भिजण्यातच मजा असते कारण पाऊस कोमट असतो. इथला पाऊस कोमट नसतो. अंगालगत पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचा टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट, असे तीन थर. चढताना घाम यायच्या आत मधला थर काढायचा, माथ्यावर थांबल्या थांबल्या पुन्हा चढवायचा. पावसाळी पँट स्वस्तातली घेतली तरी चालेल, पण घ्याच. छत्री घरी ठेवा. धारेवर तिचं काय होतं ते मी एका काकांच्या बाबतीत पाहिलं आहे. छत्री एडेलच्या दिशेने गेली.

बूट घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळाचे. टोपी आणि हातमोजे मे महिन्यातही सोबत ठेवा. शिट्टी, छोटी पॉवर बँक, थर्मासमध्ये चहा. खायला गुळाची पोळी थंडीत उत्तम टिकते, तिखट म्हणून थालीपीठ. मात्र डबा उघडताना आजूबाजूला बघा. माथ्यावरच्या मेंढ्या माणसाळलेल्या असतात आणि थालीपिठाला त्यांची ना नसते.

वाट

मँचेस्टरहून एडेल पाऊण-एक तास, शेफिल्डहून त्याहून कमी. गाड्या साधारण तासाला एक. परतीच्या गाडीची वेळ आत्ताच टिपून घ्या. स्वच्छतागृह स्टेशनजवळच्या वाहनतळापाशी आहे, वर कुठेही नाही.

स्टेशनमधून बाहेर पडल्यावर बहुतेक लोक डावी-उजवीकडे न बघता गावात शिरतात. 1965 साली खुला झालेला, स्कॉटलंडच्या हद्दीत संपणारा 431 किलोमीटरचा पेनाइन वे त्या गावातूनच सुरू होतो. आपल्याला उलट, दक्षिणेला जायचं आहे. समोर जी लांबलचक गवताळ धार दिसते तिच्यातली सर्वात खोलगट जागा म्हणजे हॉलिन्स क्रॉस. आधी थोडा डांबरी रस्ता, मग शेतातली वाट.

इथे दोन गोष्टी भेटतील. एक, चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती. कोकणातला गडगा डोळ्यांसमोर आणा, तसाच, फक्त मैलोन् मैल. त्यावर चढायचं नाही, दगड ढासळतात आणि शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. ओलांडायला लाकडी किंवा दगडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात, नाहीतर फाटक असतं. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: बंद असेल तर आपल्यामागे बंद, उघडं बांधून ठेवलं असेल तर उघडंच. दुसरी गोष्ट गाई. वासरू असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. आपण गाईला घाबरत नाही, हीच आपली अडचण. या गाई नमस्कार करून घेणाऱ्यातल्या नाहीत.

शेवटचा चढ दमवतो, पण आटोपशीर आहे. हॉलिन्स क्रॉसला पोचलात की दोन्हीकडची खोरी एकदम उघडतात. एडेलमध्ये चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक आपली मयतं याच खिंडीतून पलीकडे होपच्या चर्चला दफनाला नेत. पाच-सहा वाटा इथे भेटतात आणि धुक्यात सगळ्या सारख्याच दिसतात. मी चुकलो तो इथेच. म्हणून होकायंत्र काढा, फोनमधलं चालेल, आणि नैऋत्येकडे जाणारी, धारेच्या माथ्यावरची फरसबंद वाट पकडा. पायाखाली दगडी फरशा असतील तर तुम्ही बरोबर आहात. लाखो पायांनी माती वाहून जायला लागली म्हणून या फरशा बसवल्या आहेत. त्या सोडून बाजूच्या गवतातून चाललं की नवी घळ तयार होते.

मॅम टॉरचा माथा हा खरं तर किल्ला आहे. पुरातत्त्वज्ञ त्याला कांस्ययुगाच्या अखेरचा मानतात, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. बुरूज, दरवाजा शोधू नका. मातीचा बांध आणि त्यालगतचा खंदक एवढीच तटबंदी, आणि ती गवताने झाकलेली. गडकोट बघून डोळा तयार झालेला असला की मात्र पटकन ओळखू येते: माथ्याभोवती फिरणारा तो गोलसर उंचवटा निसर्गाने केलेला नाही. आत घरांच्या सपाट जागा आहेत, झराही आहे. गडावर पाणी हवंच.

पूर्वेचा कडा मात्र जपून. ती बाजू कोसळलेली आहे आणि अजून स्थिर नाही. फोटोसाठी कडेला जाऊ नका, वारा असताना तर मुळीच नाही. शरदात किंवा थंडीत पहाटे आलात आणि नशीब चांगलं असलं तर खालचं होप खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं दिसतं आणि त्यातून सिमेंट कारखान्याची एकुलती चिमणी वर आलेली असते. राष्ट्रीय उद्यानात सिमेंट कारखाना बघून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो आवडतो, कारण या जागेचा भूगोल तो एका चिमणीत सांगतो. सिमेंटला चुनखडी लागते आणि चिकणमातीचा शेल खडक लागतो. याच खोऱ्यात हे दोन्ही एकमेकांना भेटतात: दक्षिणेला चुनखडीचा पांढरा मुलूख, उत्तरेला शेल आणि भरड वालुकाश्माचा काळपट मुलूख. चुनखडी सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रातली. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा, त्यामानाने पोरगाच.

मोडलेला रस्ता

माथ्यावरून नैऋत्येच्या दगडी पायऱ्या उतरून मॅम निक खिंडीत या, आणि तिथून ब्लू जॉन गुहेकडे. पुढे जो डांबरी रस्ता लागतो तिथे घाई करू नका. मॅम टॉरइतकंच बघण्यासारखं काही असेल तर ते हे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅसलटनहून पश्चिमेला जायचं तर विनॅट्सची अरुंद, छातीवर येणारी खिंड चढावी लागे. घोडागाड्यांचे हाल होत. म्हणून मॅम टॉरच्या पायथ्यातून हलक्या चढाचा नवा रस्ता काढला. तो नेमका गेला सुमारे चार हजार वर्षांपूर्वी कोसळलेल्या दरडीवरून. मॅम टॉरमध्ये वालुकाश्म आणि शेल यांचे थर एकावर एक आहेत, आणि तळाशी ठिसूळ शेल. पावसाचं पाणी मुरलं की शेल ढिला होतो आणि वरचा भार खाली सरकतो. ओल्या हिवाळ्यात जास्त. या सरकण्यामुळेच या डोंगराला थरथरता डोंगर म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या रस्ता खचायचा आणि पुन्हा डांबर ओतलं जायचं. अखेर 1979 साली हात टेकले आणि तो कायमचा बंद केला.

आज तिथे चालताना डांबराचे एकावर एक थर कापलेल्या केकसारखे उघडे दिसतात. मी एकदा वाकून वीत टेकवून पाहिली, काही ठिकाणी वीतही अपुरी पडते. मधली पांढरी रेषा सरळ येते, एका भेगेपाशी तुटते आणि पुरुषभर खाली पुन्हा सुरू होते. मुलं सोबत असतील तर भूगोलाचा तास इथेच घ्या, पण भेगांच्या काठावर उभं करू नका. आणि ज्या विनॅट्सला टाळण्यासाठी हा खटाटोप केला, त्याच विनॅट्समधून आज सगळ्या मोटारी जातात.

वेळ असेल तर विनॅट्सही बघून घ्या. नावाचा अर्थ वाऱ्याचे दरवाजे. दोन्हीकडे चुनखडीचे उभे कडे आणि मधून रस्ता. रस्त्याला पदपथ नाही, त्यामुळे कडेच्या गवतातूनच चाला.

कॅसलटन आणि गुहा

गावाभोवती चार गुहा आहेत, तिकीट लावून दाखवतात. सगळ्या एका दिवसात करू नका. दगडाची आवड असेल तर ब्लू जॉन किंवा ट्रीक क्लिफ: जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा ब्लू जॉन नावाचा फ्लोरस्पार इथेच सापडतो. माणसांच्या गोष्टीत रस असेल तर पीक कॅव्हर्न. तिच्या अवाढव्य तोंडात शतकानुशतकं दोर वळणारी कुटुंबं काम करत आणि तिथेच राहत.

भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि एवढी चाल जमणार नसेल तर मोटारीने मॅम निकच्या वाहनतळावर जा. तिथून माथा पायऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटं. शनिवार-रविवारी वाहनतळ लवकर भरतो. रस्त्याच्या कडेला गाडी लावून जाऊ नका, रुग्णवाहिकेची वाट अडते.

काही बिनसलंच तर

999 किंवा 112 लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. हे लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. आवाज जाण्याइतकी रेंज नसली तरी संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं: घरी असतानाच इंग्रजीत "रजिस्टर" एवढा शब्द 999 ला पाठवा आणि उत्तरात येतं ते करा. फोन मेला तर शिट्टी: मिनिटभरात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. अंधारात हेच बॅटरीने.

उन्हाळ्यात घरी गेल्यावर गुडघ्यामागे, कंबरेपाशी गोचीड चिकटलेली नाही ना ते बघा. तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची.

कॅसलटनहून होप गावापर्यंत ओढ्याच्या कडेने सपाट वाट आहे, कंटाळा आला असेल तर बसही मिळते. पण होप स्टेशन गावात नाही, गावापासून पूर्वेला आणखी किलोमीटरभर आहे, हे बरेच जण विसरतात आणि शेवटी धावतात. दोन्ही फलाटांच्या मध्ये पूल आहे. मँचेस्टरची गाडी कुठल्या बाजूला आणि शेफिल्डची कुठल्या, ते आधी वाचा आणि मगच पूल चढा. त्या वेळी पायांना एकही जास्तीची पायरी नको असते.